आधी ताकद, मग दम : क्रॉसफिट आणि बारबेलच्या व्यायामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं : २१-१५-९, थ्रस्टर ४३ किलो, पुलअप. त्याच्यावर एकच शब्द, 'फ्रान'. बार (दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा लावायची लोखंडी दांडी, म्हणजेच बारबेल) खांद्यांवर पुढे घेऊन पूर्ण खाली बसायचं आणि उठता उठता तोच बार डोक्यावर न्यायचा, असं २१ वेळा. मग २१ पुलअप, म्हणजे बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेणं. मग दोन्ही १५-१५ आणि शेवटी ९-९. मध्ये ठरलेली विश्रांती नाही, घड्याळ चालूच. क्रॉसफिटमधला, म्हणजे रोज वेगळा व्यायाम मोठ्या जोराने करायच्या पद्धतीतला, हा सर्वांत नावाजलेला व्यायाम आहे.

आता समजा, दोघं जण हा करायला उभे राहिले. एकाला जास्तीत जास्त ९० किलोचा थ्रस्टर एकदा मारता येतो, दुसऱ्याला ५० किलोचा. पहिल्यासाठी ४३ किलो म्हणजे निम्म्याहून कमी. तो २१ चा टप्पा सलग काढतो, छातीचा भाता होतो, आणि थोड्या मिनिटांत मोकळा होतो. दुसऱ्यासाठी तेच वजन त्याच्या कमाल ताकदीच्या ८६ टक्के आहे. ताज्या अंगाने तो ते सलग पाचेक वेळा उचलू शकेल, आणि इथे एकूण ४५ वेळा उचलायचंय. तो दोन मारतो, बार खाली टाकतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो, परत दोन मारतो. फळा एकच, पण व्यायाम दोन वेगळे झाले. पहिल्याने दमाचा व्यायाम केला. दुसऱ्याने थकलेल्या अंगाने आणि बिघडत चाललेल्या फॉर्मने (म्हणजे अंगाच्या ठेवणीने) जड वजन उचललं.

क्रॉसफिट लावू की साधी जिम, असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. माझं उत्तर या दोघांपासून सुरू होतं. जोरात आणि वेगात करायच्या व्यायामाचा फायदा घ्यायचा, तर आधी अंगात थोडी ताकद जमा असावी लागते. ती कशी जमवायची आणि मग वेगाकडे कधी, किती वळायचं, ते इथे क्रमाने सांगतो. मी सांगली भागात नव्या लोकांना व्यायाम शिकवतो आणि त्याआधी लहानपणी तालमीत घाम गाळलेला आहे. त्यामुळे तालमीचे दाखलेही येतील.

पायरी १ : कशासाठी करताय ते एका ओळीत लिहा

'फिट व्हायचंय' हे उत्तर चालणार नाही, कारण त्यातून वेळापत्रक निघत नाही. नेमकं लिहा.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाची ओळ सोपी असते : १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. या मुलांनी रोज नवा फळा असलेल्या क्लासला पैसे घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं. त्यांना मैदानावर ठरलेलं धावणं हवं आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस बारबेलची ताकद हवी. १०० मीटरचा पहिला झटका आणि गोळ्यामागची ढकल दोन्ही पायांच्या आणि कमरेच्या ताकदीतून येतात.

कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्याचंही तसंच. त्याचा दम खेळातून तयार होतोच. जिममधून त्याला खेळात न मिळणारी गोष्ट न्यायची असते, म्हणजे जड वजनाची ताकद.

पंचेचाळिशीतल्या माणसाची ओळ वेगळी : जिना चढताना धाप लागू नये, गॅसची टाकी उचलताना कंबर धरू नये, साखर आटोक्यात राहावी. याला दोन्ही हवं, पण हळूहळू.

आणि एखाद्याला हायरॉक्समध्येच उतरायचं असतं. ही स्पर्धा २०१७ मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला सुरू झाली आणि २०२५ मध्ये मुंबईतही झाली. आठ वेळा एक-एक किलोमीटर धावायचं आणि प्रत्येक किलोमीटरनंतर एक काम : वजनाची गाडी ढकलणं, ओढणं, रोइंग (मशीनवर वल्ही मारल्यासारखं ओढणं), दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन लंज (एकेक पाय लांब पुढे टाकून गुडघा वाकवत चालणं), असं काय काय. अशा माणसाला वेगाचा व्यायाम लागणारच. पण जड गाडी ५० मीटर ढकलताना पायात ताकद नसेल तर नुसता दम काय करणार? त्यानेही सुरुवात पायरी ४ पासूनच करावी.

पायरी २ : दोन्ही घराणी ओळखून घ्या

बारबेलच्या व्यायामाचं मूळ तत्त्व एकच : वजन थोडं थोडं वाढवत न्यायचं. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा उभं करताना थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने हे पद्धतशीर मांडलं. नंतर १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात लेव मात्वेयेव यांनी खेळाडूचं पूर्ण वर्ष टप्प्यांत विभागण्याचा विचार मांडला. आधी पाया, मग जड ताकद, मग स्पर्धेचा वेग. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली यांना फक्त ताकदीचे प्रशिक्षक म्हणून नेमलं, आणि तिथून खेळाडूने वजनं उचलावीत हा विचार कॉलेजांमध्ये रुजला. या पद्धतीत व्यायाम थोडे असतात, तेच तेच असतात, दोन सेटच्या मध्ये (सेट म्हणजे सलग उचलण्याची एक खेप) दोन-तीन मिनिटं बसायचं असतं, आणि प्रगती वहीत किलोमध्ये दिसते.

क्रॉसफिट ही २००० साली कॅलिफोर्नियात ग्रेग ग्लासमन आणि लॉरेन जेनाई यांनी सुरू केलेली कंपनी. विचार असा : रोज वेगळा व्यायाम, रोजच्या जगण्यात लागतात तशा हालचाली (उचलणं, ढकलणं, ओढणं, धावणं, उडी) आणि जोर मोठा. वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स आणि धावणं-रोइंग हे तिन्ही एका तासात येऊ शकतात. तिथल्या जिमला 'बॉक्स' म्हणतात, दिवसाच्या व्यायामाला 'वॉड'. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रँचवर पहिले क्रॉसफिट गेम्स झाले आणि मग हा खेळही झाला.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. क्रॉसफिटच्या स्वतःच्या शिकवणीतही क्रम आहे : आधी हालचाल बरोबर, मग ती दर वेळी तशीच बरोबर, आणि त्यानंतर जोर. म्हणजे मूळ पद्धत नव्या माणसाला पहिल्या दिवशी घड्याळाशी झुंजायला सांगत नाही. गडबड होते ती जिथे हा क्रम पाळला जात नाही तिथे. तशीच गडबड साध्या जिममध्येही होते : वर्षभर तेच वजन, तेच तीन सेट, कोपऱ्यातल्या मशीनवर बसून मोबाईल. त्यालाही मी ताकदीचा व्यायाम म्हणणार नाही.

आपल्या तालमींना हा फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जोर, बैठका, सपाटे, मुदगल, गदा, दोर, हौद्यातली माती उकरणं ही झाली मेहनत. जोडीदाराशी लढत ही वेगळी गोष्ट. मेहनत मोजून, वाढवत, महिनोन्‌महिने होते. लढतीत कस लागतो. आमचे वस्ताद नव्या पोराला पहिले कित्येक दिवस लढतीला हातच लावू देत नसत. पोरगं हौद्याच्या कडेला उभं राहून चुळबुळ करायचं, पण मान आणि पाय तयार झाल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. घड्याळ लावून केलेला वॉड हा लढतीच्या बाजूचा आहे. बारबेलचा सेट मेहनतीच्या बाजूचा. दोन्ही हवीत, पण नव्या माणसाच्या आठवड्यात मेहनत जास्त आणि लढत थोडी असावी.

पायरी ३ : पैसे भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघा

ऑफर संपत आली म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जा, कोपऱ्यात बसा आणि ट्रेनरकडे बघत राहा. एखादीची पाठ डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार उचलून उभं राहताना) वाकली, तर तो तिला थांबवतो का? वजन कमी करायला लावतो का? की लांबूनच 'कम ऑन, अजून एक' म्हणून टाळ्या वाजवतो? मला विचाराल तर या एका गोष्टीवर जागा ठरवावी. मशीन किती नवीन, संगीत कसलं, हे नंतर.

क्रॉसफिट बॉक्स असेल तर विचारा, नव्यांसाठी आठवडा-दोन आठवड्यांचा वेगळा वर्ग आहे का. पहिल्याच दिवशी मुख्य वर्गात उभं करणार असतील तर तिथे थांबू नका. क्रॉसफिटचं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र दोन दिवसांच्या कोर्सवर मिळतं. म्हणून भिंतीवरच्या कागदापेक्षा त्या माणसाने किती वर्षं, कुणाला शिकवलंय ते विचारलेलं बरं.

साध्या जिममध्ये तीन वस्तू शोधा : स्क्वॉटचा (बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठण्याचा) रॅक, २० किलोचा सरळ बार (बायकांसाठी १५ किलोचा मिळाला तर उत्तम) आणि सव्वा किलोच्या प्लेटा. ही शेवटची वस्तू क्षुल्लक वाटेल, पण नव्या माणसाची प्रगती त्या छोट्या प्लेटांवरच चालते. नसतील तर मालकाला मागा. फार महाग नसतात.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, नुकतंच बाळंतपण, जुनं गुडघ्याचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि तिथून काय सांगितलं ते ट्रेनरला स्पष्ट सांगा.

पायरी ४ : पहिले बारा आठवडे बारबेलचे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. सोमवार-बुधवार-शुक्रवार म्हणा. दोनच वेळापत्रकं, आलटून पालटून.

पहिलं : स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं), आणि बारबेल किंवा डंबेल रो (पुढे वाकून वजन पोटाकडे ओढणं).
दुसरं : स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस (उभं राहून बार खांद्यांवरून डोक्यावर ढकलणं), डेडलिफ्ट.

सगळ्याचे पाच-पाच रेपचे (रेप म्हणजे ती हालचाल एकदा पूर्ण करणं) तीन सेट. डेडलिफ्टचा मात्र एकच, कारण ती कमरेला फार दमवते. शेवटी दहा मिनिटं पुलअपची तयारी : बारला लटकून राहणं, रबराच्या पट्ट्याच्या आधाराने पुलअप, किंवा वर उडी मारून हळूहळू खाली येणं. बस. एका तासात घरी.

सुरुवात किती वजनाने? रिकाम्या बारने. तोही जड वाटला तर डंबेल छातीशी धरून. पाच रेप मारल्यावर 'अजून पाच सहज झाले असते' असं वाटलं पाहिजे. मग दर वेळी थोडं वाढवा : पुरुषांनी स्क्वॉटला अडीच किलो, बायकांनी सव्वा ते अडीच, ओव्हरहेड प्रेसला दोघांनीही सव्वाच. एखाद्या दिवशी पाच पूर्ण झाले नाहीत तर पुढच्या वेळी तेच वजन परत घ्या. तिसऱ्यांदाही अडलं तर दहा टक्के कमी करून पुन्हा चढत या. हे मागे जाणं नव्हे, पद्धतच ती आहे.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते आणि आरशात काहीच दिसत नाही. याने लोक गोंधळतात. सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते : मेंदू असलेल्या स्नायूंना एका वेळी, जोराने कामाला लावायला शिकतो. स्नायूंचा आकार मागून येतो.

आता विश्रांती, कारण नवी माणसं सर्वांत जास्त इथेच चुकतात. जड सेटला लागणारी झटक्याची शक्ती स्नायूतल्या फॉस्फोक्रिएटिनच्या साठ्यातून येते, आणि तो साठा साधारण दहा सेकंदांच्या पूर्ण जोरात संपत येतो. तो पुन्हा बराचसा भरायला तीनेक मिनिटं लागतात. घराच्या टाकीसारखंच आहे ते : नळ सोडला की भसकन रिकामी होते, भरते मात्र सावकाश. तीस सेकंदांत परत बारखाली गेलात तर टाकी अर्धीच असते, वजन उचललं जात नाही, आणि तुम्हाला वाटतं आपण कमजोर आहोत. म्हणून स्क्वॉटच्या दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटं बसा, घड्याळ लावून बसा. हा आळस नाही. वॉडमध्ये हीच टाकी भरू द्यायची नसते, म्हणून तिथे तेवढं वजन झेपत नाही आणि झेपावं अशी अपेक्षाही नसते. दोन्ही पद्धतींतला शरीराच्या आतला खरा फरक हा.

स्क्वॉट जवळून पाहू. गेल्या वर्षी माझ्याकडे बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई आल्या, वय ४६. खाली बसताना त्यांचे गुडघे आत वळायचे आणि टाचा उचलायच्या. मी बार बाजूला ठेवला आणि मागे गुडघाभर उंचीची लाकडी पेटी ठेवली. म्हटलं, "ताई, एसटीतल्या सीटवर बसतो तसं मागे बसायचं, पण अंग टाकायचं नाही. पेटीला टेकलं न टेकलं की उठायचं." पाय खांद्याएवढे रुंद, चवडे किंचित बाहेर. खाली जाण्याआधी पोटात श्वास भरून पोट घट्ट, जसं कुणी गुद्दा मारणार आहे. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने ढकलायचे. तळव्याचे तीन बिंदू, म्हणजे अंगठ्याखालचा, करंगळीखालचा आणि टाच, तिन्ही जमिनीला चिकटलेले. त्यांनी तिसऱ्या सेटला बूट काढायची परवानगी मागितली. अनवाणी झाल्यावर टाच लगेच बसली, कारण त्यांच्या धावण्याच्या बुटाचा तळ मऊ होता. तुम्हीही हे करून बघा. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला मऊ फोमचे बूट नकोत. सपाट तळव्याचा साधा कॅनव्हास बूट पुरतो.

त्या ताई चौथ्या आठवड्यात पेटीवरून रिकाम्या बारवर आल्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी ३५ किलोने पाच रेप मारल्या. आकडा छोटा वाटेल. पण बँकेचा जिना चढताना कठड्याला धरावं लागत नाही, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलाय.

डेडलिफ्टबद्दल एकच : बार पायाच्या नडगीला घासत वर आला पाहिजे. तो चार बोटं पुढे गेला की सगळा भार कमरेवर येतो. रॅकमध्ये बेंच प्रेस करताना सपोर्टला कुणीतरी ठेवा, आणि एकटे असाल तर बारला क्लिप लावू नका, म्हणजे अडकलात तर प्लेटा एका बाजूने सोडून देता येतील.

पायरी ५ : सातव्या आठवड्यापासून वेग, पण चमच्याने

पहिले सहा आठवडे दमासाठी फक्त चालणं ठेवा. सुट्टीच्या दोन दिवशी तीस-चाळीस मिनिटं भरभर, बोलता येईल एवढ्या वेगाने. सातव्या आठवड्यापासून दर शुक्रवारी बारबेल संपल्यावर आठ मिनिटांचा एक वॉड जोडा. मी 'सिंडी'चं हलकं रूप देतो. मूळ सिंडी म्हणजे २० मिनिटांत जमतील तेवढ्या फेऱ्या : ५ पुलअप, १० पुशअप, १५ स्क्वॉट (इथे बारशिवाय). मिनिटाला एक फेरी झाली तर १०० पुलअप, २०० पुशअप आणि ३०० स्क्वॉट होतात. कागदावर सोपं वाटणारं हे किती मोठं काम आहे बघा. नव्यांसाठी : पुलअपऐवजी ५ रिंग रो (टांगलेल्या कड्या धरून, मागे झुकून, अंग वर ओढणं), पुशअप बाकावर हात टेकून ६, स्क्वॉट १०, वेळ ८ मिनिटं. पहिल्या दिवशी जितक्या फेऱ्या झाल्या तितक्या वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात एक वाढली तर पुष्कळ.

एक खूण : फेरी संपताना चार शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे. तेही येत नसेल तर वेग कमी. अगदी तळापर्यंत जाणं नव्या माणसाला कशालाच लागत नाही.

'ताबाता' या नावाने बऱ्याच जिममध्ये चार मिनिटांचे वर्ग होतात. इझुमी ताबाता या जपानी संशोधकाचा १९९६ चा मूळ प्रयोग स्थिर सायकलवर होता : २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्यांत माणूस पूर्ण संपेल एवढ्या तीव्रतेचा. सायकलवर पाय घसरत नाही, पाठ वाकत नाही, वजन डोक्यावर पडत नाही. तोच आराखडा जड बारला किंवा उंच पेटीवरच्या उड्यांना चिकटवला की गोष्ट बदलते. तुम्हाला जोर लावूनच बघायचा असेल तर सायकल, रोइंग मशीन किंवा चढण निवडा.

आणि दोन्ही एकदम खूप केलं तर? १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवडे जड ताकद आणि कठोर दमाचा व्यायाम एकत्र करून घेतला. एकत्र करणाऱ्यांची ताकद सुमारे सात आठवडे वाढली, मग थबकली आणि शेवटी उतरली. त्यांचा भार भयंकर होता, नवखा माणूस तेवढं करतही नाही. तरी त्यातून घ्यायचं एवढंच : ताकदीच्या तीन दिवसांवर पाच वॉड रचू नका.

पायरी ६ : फळा वाचायला शिका

'अॅमरॅप' म्हणजे दिलेल्या वेळेत जमतील तेवढ्या फेऱ्या. 'ईमॉम' म्हणजे दर मिनिटाच्या सुरुवातीला ठरलेलं काम आणि उरलेले सेकंद विश्रांती. नव्या माणसाला ईमॉम सर्वांत सोयीचा, कारण विश्रांती त्याच्यातच बांधलेली आहे. 'फॉर टाइम' म्हणजे काम ठरलेलं, वेळ मोजायची. 'आरएक्स' म्हणजे फळ्यावर लिहिलेलं वजन जसंच्या तसं, आणि 'स्केल्ड' म्हणजे आपल्या बेताने कमी केलेलं. पहिलं वर्ष तुम्ही स्केल्ड असणार आहात. त्यात कमीपणा कसला?

वजन ठरवायचा माझा नियम : फळ्यावरचं वजन तुमच्या त्या हालचालीच्या कमाल वजनाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर ते उतरवा. मघाच्या ५० किलोवाल्याने २५ किलोने फ्रान केला असता तर त्यालाही दमाचाच व्यायाम मिळाला असता.

दोन हालचालींबाबत मी हट्टी आहे. पहिली, किपिंग पुलअप, म्हणजे अंगाचा झोका देऊन मारलेल्या. झोक्याशिवायच्या स्वच्छ पाच पुलअप येईपर्यंत त्यांना हात लावू नका. हे मी खांदा देऊन शिकलोय. एका जिममध्ये दुसऱ्याच आठवड्यात मला त्या मारायला लावल्या, मला झोका जमला, हनुवटी बारच्या वर गेली, सगळे ओरडले. पण खाली येताना लोंबकळत्या अंगाचा झटका सांभाळेल एवढा खांदा तयार नव्हता. नंतर तीन महिने मला शर्टात हात घालताना आधी उजवा घालावा लागायचा.

दुसरी, स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर). हे ऑलिंपिक लिफ्ट आहेत. आमच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं, आणि १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं. वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या माणसालाही या लिफ्ट इतकी किंमत मागतात. म्हणूनच वेटलिफ्टर सरावात एका सेटला एक ते तीन रेप मारतो आणि मग बसतो, फॉर्म बिघडायच्या आत. क्रॉसफिटमध्ये मात्र 'ग्रेस' नावाचा वॉड आहे, त्यात ६१ किलोचे क्लीन अँड जर्क घड्याळाशी शर्यत करत ३० वेळा. तयार खेळाडू तो सुरेख करतात. नव्या माणसाने सहा महिने या लिफ्ट हलक्या बारने, तीन-तीन रेपने, पूर्ण विश्रांती घेऊन शिकाव्यात. घड्याळ बंद ठेवून.

पायरी ७ : अंगाचं ऐका, आणि लघवीचा रंग बघा

अंग आंबणं वेगळं आणि दुखापत वेगळी. आंबलेलं अंग दुसऱ्या दिवशी सगळीकडे सारखं, दोन्ही बाजूंना दुखतं आणि थोडं चाललं की सैल होतं. सांध्यात एका जागी टोचणारं, रात्री जागं करणारं दुखणं दाखवायला जायचं.

एक धोका कमी होतो पण गंभीर असतो. न झेपणाऱ्या, सवयीच्या नसलेल्या व्यायामाचा फार मोठा डोस एकदम घेतला तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. ऱ्हॅबडोमायोलिसिस म्हणतात त्याला. खुणा : दंड किंवा मांड्या सुजणं, हात सरळच न होणं, आणि लघवी कोकच्या किंवा काळ्या चहाच्या रंगाची होणं. तसं दिसलं तर घरी पाणी पीत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. हे बहुधा सवय मोडलेल्या माणसाला होतं : कॉलेजात खेळायचा, दहा वर्षं बंद, आणि पहिल्याच दिवशी जुन्या जोशात शंभर पुलअप. उन्हाने धोका वाढतो. आपल्याकडे बरेच बॉक्स पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी पाचला त्या पत्र्याखाली वॉड करू नका, सकाळची वेळ घ्या. ताप येऊन गेल्यावर निदान आठवडाभर वेग नको.

खाण्याचं थोडक्यात. ताकद वाढवायची तर शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिनं पकडून चला. ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये सुमारे ३०, वाटीभर वरणात सहा-सात. वरण-भातावर हिशोब पूर्ण होत नाही, त्याच्या जोडीला दही, उसळ, अंडी, शेंगदाणे ठेवावे लागतात. उपवासाच्या दिवशी साबुदाणा भरपूर आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत, तेव्हा त्या दिवशी वॉड टाळा. हलकं बारबेल चालेल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच. झोप सात तासांच्या खाली जाऊ लागली की वजन वाढवणं थांबवा.

पायरी ८ : बाराव्या आठवड्यानंतर

शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी मोजा. स्क्वॉटला फॉर्म न बिघडता पाच रेप किती किलोने होतात, आणि हलक्या सिंडीच्या आठ मिनिटांत किती फेऱ्या. सातव्या आठवड्याच्या पानाशेजारी ठेवून बघा. वॉड आठवड्यातून एकदाच करूनही फेऱ्या वाढलेल्या दिसतील, कारण मधल्या काळात पाय जड वजनाला सरावले.

आता पायरी १ ची ओळ परत काढा. भरतीवाल्याने तीनचे दोन बारबेल दिवस करावेत आणि मोकळा झालेला दिवस धावण्याला द्यावा. खेळाडूने हंगाम जवळ आला की सेट कमी करावेत, वजन तेवढंच ठेवावं. ज्याला एकट्याने रॅकखाली उभं राहायचा कंटाळा येतो आणि दहा जणांच्या वर्गात उत्साह चढतो, त्याने आता खुशाल क्रॉसफिटमध्ये जावं. मला तिथली ही गोष्ट फार मोलाची वाटते : शेवटचा माणूस संपवेपर्यंत बाकीचे निघून जात नाहीत, त्याच्याजवळ उभे राहतात. कित्येक लोक फक्त त्यासाठी वर्षानुवर्षं येत राहतात, आणि जो येत राहतो त्याची तब्येत सुधारते. फक्त आठवड्यात दोन दिवस जड स्क्वॉट, प्रेस आणि डेडलिफ्ट होतील याची सोय वर्गात आहे का ते बघून जा. नसेल तर वर्गाच्या आधी अर्धा तास रॅक मागून घ्या.

बँकेतल्या ताई सध्या सोमवार-गुरुवार माझ्याकडे बारबेल करतात आणि शनिवारी सकाळी त्यांच्या घराजवळच्या बॉक्सला जातात. परवा त्यांनी फळ्याचा फोटो पाठवला होता, थ्रस्टर ३० किलो, आणि खाली विचारलं होतं, "सर, माझी कमाल ३२. मग १५ ने करू ना?" मी 'हो' लिहून पाठवलं.